सेंट लॉरेन्सच्या काठावरचा मोल्सन

११ एप्रिल १८१९ रोजी मॉन्ट्रियल शहराबाहेर, विंडमिल पॉइंट नावाच्या नदीकाठच्या जागेवर, दोन सुशिक्षित माणसे पिस्तुले घेऊन समोरासमोर उभी राहिली. एक होता डॉक्टर विल्यम कॉल्डवेल. दुसरा मायकेल ओ'सलिव्हन, वकील आणि लोअर कॅनडा (आजचा क्यूबेक) प्रांताच्या विधानसभेचा सदस्य. दोघांत जमिनीचा वाद नव्हता, पैशांचा नव्हता, जुने वैरही नव्हते. शहरात सार्वजनिक रुग्णालय काढावे की नाही, यावर सभागृहात चर्चा झाली होती. त्या चर्चेत ओ'सलिव्हनने डॉक्टरांबद्दल काढलेले उद्गार कॉल्डवेलला झोंबले. त्याने वर्तमानपत्रातून उत्तर दिले, शब्दाने शब्द वाढला आणि प्रकरण द्वंद्वयुद्धावर गेले. पाच वेळा गोळ्या झाडल्या गेल्या. दोघेही रक्तबंबाळ झाले. कॉल्डवेलच्या हाताचे हाड फुटले आणि ओ'सलिव्हनच्या शरीरात एक गोळी मणक्याजवळ रुतून बसली. आश्चर्य म्हणजे दोघेही वाचले.

हा सगळा वाद ज्या रुग्णालयावरून पेटला, त्याचा प्रस्ताव सभागृहात मांडणारा माणूस मात्र तिसराच होता. तो मॉन्ट्रियल पूर्वचा प्रतिनिधी होता, नदीवर त्याच्या आगबोटी धावत होत्या, शहरात त्याचे मोठे हॉटेल होते. तरी शहर त्याला ओळखत होते ते बिअरचा कारखानदार म्हणूनच. त्याचे नाव जॉन मोल्सन. वयाच्या अठराव्या वर्षी परक्या देशात उतरलेला हा पोरका मुलगा एका वसाहतीतल्या शहराला कारखाना, आगबोट, हॉटेल, नाट्यगृह आणि रुग्णालय देऊन गेला. त्याची कहाणी एका श्रीमंत माणसाची आहे, आणि शहर कसे घडते याचीही.

पोरका वारसदार

जॉनचा जन्म २८ डिसेंबर १७६३ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातला. स्पाल्डिंग गावाजवळचा हा भाग सखल, पाणथळ. चर खणून, पाणी काढून शेतीयोग्य केलेली काळी सुपीक जमीन. घरची शेतीवाडी बऱ्यापैकी होती, पण नशीब खडतर. जॉन सहा वर्षांचा असताना वडील गेले आणि त्यानंतर दोनच वर्षांत आईही गेली. आईचे वडील सॅम्युएल एल्सडेल हे नातवाचे आणि त्याच्या मालमत्तेचे पालक झाले. म्हणजे जॉनच्या नावावर इस्टेट होती, पण एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत तिच्यातला एक शिलिंगही त्याला स्वतःच्या मर्जीने खर्च करता येणार नव्हता. पुढच्या गोष्टीत या अटीला फार महत्त्व आहे.

१७८२ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, ओळखीच्या पेल कुटुंबाबरोबर तो जहाजाने क्यूबेककडे निघाला. त्या काळाचा नकाशा डोळ्यांसमोर आणायला हवा. क्यूबेक आणि मॉन्ट्रियल ही मूळची फ्रेंच वसाहत. सात वर्षांच्या युद्धानंतर, १७६३ च्या तहाने, ती ब्रिटनकडे आली. शेतकरी, कारागीर, धर्मगुरू, सगळे फ्रेंच बोलणारे आणि कॅथलिक. त्यांच्यावर राज्य करणारे अधिकारी, सैनिक आणि व्यापारी इंग्रजी बोलणारे. दक्षिणेला तेरा अमेरिकन वसाहतींनी स्वातंत्र्याचे युद्ध पुकारले होते. ते युद्ध संपले तसे ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेले हजारो लोक सीमा ओलांडून कॅनडात आले.

मॉन्ट्रियल तेव्हा काही हजार वस्तीचे, तटबंदीतले गाव होते. मुख्य धंदा बीव्हरच्या कातड्यांचा. जो तो फरच्या व्यापारात शिरायला धडपडत होता. जॉनची नजर दुसरीकडे गेली. या गावात सैन्याची ठाणी होती, इंग्लंडमधून आलेली माणसे होती, नवे निर्वासित येत होते, आणि या सगळ्यांना जेवणाबरोबर बिअर पिण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. मिळत मात्र होती वेस्ट इंडीजमधली रम, किंवा समुद्रापारहून पिंपांत भरून आलेली महागडी बिअर. त्यात सेंट लॉरेन्स नदी हिवाळ्यात गोठते. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत बाहेरचे जहाज येणे नाही, म्हणजे माल येणे नाही. मागणी दारात उभी होती आणि पुरवठा समुद्रापलीकडे. हे अंतर पुसणारा जो असेल त्याचे भविष्य उज्ज्वल होते.

सातू, पाणी आणि मोजमाप

शहराच्या तटाबाहेर, नदीचा प्रवाह जिथे जोरात धावतो त्या सेंट मेरी प्रवाहाच्या पायथ्याशी, टॉमस लॉइड नावाच्या माणसाने बिअर बनवण्याचा छोटा कारखाना काढला होता. जॉन तिथे काम करू लागला आणि लवकरच त्याने त्यात भागीदारी घेतली. लॉइड कर्जात होता. अखेर कारखाना लिलावात निघाला. पहिल्या लिलावाला कोणी बोली लावली नाही. २८ डिसेंबर १७८४ रोजी जॉनला एकवीस वर्षे पूर्ण झाली, तो कायद्याने सज्ञान झाला, आणि जानेवारी १७८५ मधल्या पुढच्या लिलावात त्याने कारखाना विकत घेतला. पालकांच्या परवानगीची वाट पाहण्याचे दिवस संपले होते.

कारखाना हातात आल्यावर दुसऱ्या कोणी लगेच पिंपे भरायला घेतली असती. जॉन आधी इंग्लंडला गेला. वारशाचे व्यवहार मार्गी लावले, यंत्रसामग्री विकत घेतली, आणि जॉन रिचर्डसन या तज्ज्ञाचे बिअरनिर्मितीवरचे पुस्तक मिळवले. रिचर्डसनचे म्हणणे त्या काळात नवे होते. बिअर हाताच्या अंदाजावर, जिभेच्या चवीवर बनवू नका. तापमान थर्मामीटरने मोजा, रसाची घनता उपकरणाने मोजा, नोंदी ठेवा. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे पटले आणि तो आयुष्यभर तसाच वागला. त्याच्या नोंदवह्या हाच त्याच्या आयुष्याचा सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे.

बिअर बनते कशी, हे मराठी घरात समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. आपल्याकडे बाळासाठी नाचणीचे सत्त्व करतात. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मग दळायची. मोड येताना धान्यातच असे घटक तयार होतात की त्यांच्यामुळे पिठूळ भागाची साखर होऊ लागते. म्हणून मोडाचे सत्त्व गोडसर लागते आणि बाळाला पचते. बिअरची सुरुवात अगदी अशीच, फक्त धान्य सातूचे, म्हणजे बार्लीचे. मोड आलेला सातू भट्टीत सुकवला की त्याला माल्ट म्हणतात. तो भरडून ठरावीक तापमानाच्या गरम पाण्यात मुरवला की गोड रस निघतो. पाणी जास्त गरम झाले तर साखर करणारे घटक निकामी होतात, कमी गरम असले तर काम अर्धवट राहते. थर्मामीटरचे मोल इथे कळते. तो रस हॉप्स नावाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर उकळायचा, थंड करायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. हॉप्समुळे चव येते आणि बिअर जास्त दिवस टिकते.

यातली अडचण एकच होती. मॉन्ट्रियलच्या आसपासचा शेतकरी पिकवत होता मुख्यतः गहू. चांगला सातू मिळणार कुठून? जॉनने इंग्लंडहून येताना सातूचे बियाणे आणले आणि ते शेतकऱ्यांना वाटले. पीक आले की आपण विकत घेऊ, हा भरवसा दिला. कारखान्याला कच्चा माल मिळाला आणि शेतकऱ्याला नगदी पीक मिळाले. मोल्सनच्या पुढच्या सगळ्या उद्योगांची चाल या पहिल्याच पावलात दिसते. ज्याची उणीव आहे ते आधी उभे करायचे, आणि मग त्यावर आपला धंदा बांधायचा.

२८ जुलै १७८६ रोजी त्याने सातूची पहिली खरेदी केली, आठ बुशेल. त्या दिवशी बावीस वर्षांच्या या तरुणाने वहीत लिहून ठेवले की जगाच्या भव्य रंगमंचावर आपण आज पहिले पाऊल टाकले. आठ बुशेल म्हणजे काही पोती धान्य. त्यावर एवढे मोठे वाक्य लिहिणाऱ्या मुलाचा आत्मविश्वास वाचताना आजही नवल वाटते. पहिल्या हंगामात सुमारे ४,००० गॅलन बिअर तयार झाली. पाच वर्षांत उत्पादन ३०,००० गॅलनवर गेले. नफा तो उधळत नव्हता. कारखान्यातच परत घालत होता. लिंकनशायरमधली वडिलोपार्जित मालमत्ताही त्याने विकून टाकली. परतीचा दोर कापून तो मॉन्ट्रियलचा झाला.

घरही तिथेच उभे राहिले. सारा इन्सली व्हॉन ही त्याच्याहून वयाने मोठी, आधी लग्न झालेली स्त्री त्याच्याबरोबर राहू लागली. जॉन, टॉमस आणि विल्यम ही तीन मुले झाली. दोघांचे लग्न झाले ते १८०१ मध्ये, आणि त्याच वेळी मुलांना रीतसर कायदेशीर मान्यता दिली गेली. त्या काळच्या समाजात हे सोपे नव्हते. जॉनने लपवाछपवी केली नाही. पुढे तिन्ही मुलांना त्याने व्यवसायात बरोबरीने घेतले.

नदीला वाफेने जिंकताना

मॉन्ट्रियल ते क्यूबेक हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. प्रवाहाबरोबर खाली जाणे त्यातल्या त्यात सोपे, पण प्रवाहाविरुद्ध वर येताना शिडाच्या जहाजांना वाऱ्याची वाट पाहत आठवडे काढावे लागत. शहराच्या उंबरठ्यावर आल्यावर शेवटचा अडथळा सेंट मेरीचा जोरदार प्रवाह. तिथे काठावरून बैल जुंपून जहाजे ओढावी लागत. मोल्सनचा कारखाना नेमका त्याच प्रवाहाकाठी. ताटकळलेली जहाजे तो रोज दारातून पाहत होता.

१८०७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट फुल्टनने हडसन नदीवर वाफेवर चालणारी बोट यशस्वी करून दाखवली. दोन वर्षांत मोल्सनने जॉन जॅक्सन आणि जॉन ब्रूस या दोघा कारागिरांना बरोबर घेऊन मॉन्ट्रियलमध्ये आगबोट बांधली. इंजिनाचे लोखंडी भाग त्रवा-रिव्हिएरजवळच्या सेंट मॉरिसच्या ओतशाळेत तयार झाले. बोटीचे नाव 'अ‍ॅकोमोडेशन'. कॅनडातली ही पहिली आगबोट. इंजिन अवघे सहा अश्वशक्तीचे.

१ नोव्हेंबर १८०९ रोजी ती दहा प्रवाशांना घेऊन क्यूबेककडे निघाली. प्रवासाला ६६ तास लागले. त्यातले ३० तास बोट नांगर टाकून उभी होती. क्यूबेकच्या धक्क्यावर लोकांनी गर्दी केली. परतीच्या प्रवासात इंजिनाचा अशक्तपणा उघडा पडला. प्रवाहाविरुद्ध मॉन्ट्रियल गाठायला तिला आठवडाभर लागला. व्यवहाराच्या हिशेबाने 'अ‍ॅकोमोडेशन' तोट्यातच गेली आणि वर्षभरात मोडीत निघाली. भागीदारही बाजूला झाले.

मोल्सनने मात्र त्या तोट्यातून नेमका धडा घेतला. कल्पना बरोबर होती, इंजिन कमी पडले होते. तो इंग्लंडला गेला आणि जेम्स वॉटच्या बोल्टन अँड वॉट या नामांकित कंपनीकडे नव्या इंजिनाची मागणी नोंदवली. १८१२ मध्ये 'स्विफ्टशुअर' पाण्यात उतरली, आणि त्याच वर्षी ब्रिटन व अमेरिका यांच्यात युद्ध पेटले. सैनिक आणि युद्धसामग्री क्यूबेकहून मॉन्ट्रियलकडे झपाट्याने नेण्याची गरज निर्माण झाली. हे काम 'स्विफ्टशुअर'ने केले, आणि सरकारी कामाचा पैसा मोल्सनकडे आला. पाठोपाठ 'मॉलशॅम', 'लेडी शेरब्रुक' अशा बोटी आल्या. १८२२ मध्ये सेंट लॉरेन्स स्टीमबोट कंपनी स्थापन झाली. तिच्यावर मोल्सन कुटुंबाचा वरचष्मा होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोल्सनने सरकारकडे नदीवरच्या आगबोट वाहतुकीची मक्तेदारी मागितली होती. ती त्याला मिळाली नाही. ती मिळाली असती तर त्याचे भले झाले असते, नदीचे नाही. पुढे प्रतिस्पर्धी आले, भाडी उतरली आणि प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. चांगल्या माणसाच्याही सगळ्या मागण्या समाजाने मान्य करू नयेत, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

सभागृहातला कारखानदार

१८१६ मध्ये मोल्सन मॉन्ट्रियल पूर्वमधून लोअर कॅनडाच्या विधानसभेवर निवडून आला. सभागृहात फ्रेंच भाषकांचे बहुमत होते आणि त्यांचा नेता लुई-जोसेफ पापिनो सभापती होता. इंग्रजी व्यापारी अल्पसंख्य होते, पण राज्यपाल आणि नेमलेल्या सदस्यांचे वरचे सभागृह त्यांच्या बाजूचे. मोल्सन या व्यापारी वर्गातलाच. कालवे, बंदर, वाहतूक यांवर पैसा खर्च व्हावा, असा त्याचा आग्रह असे. शेतकऱ्यांच्या बहुमताला या योजना व्यापाऱ्यांच्या फायद्याच्या वाटत, आणि ते वाटणे सर्वस्वी खोटे नव्हते. मोल्सनला त्या वेळचा लोकनेता म्हणता येणार नाही. तो आपल्या वर्गाचा प्रतिनिधी होता. पण त्याच सभागृहात त्याने मांडलेली एक मागणी वर्गाच्या पलीकडे जाणारी होती.

१८१५ नंतर युरोपातली युद्धे थांबली आणि आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंडमधून गरिबांचे लोंढे कॅनडाकडे येऊ लागले. आठवडेच्या आठवडे जहाजाच्या तळघरात दाटीवाटीने काढल्यावर ही माणसे मॉन्ट्रियलला उतरत ती ताप, अतिसार आणि उपासमार घेऊन. शहरात झान मान्सने सतराव्या शतकात स्थापन केलेले, धर्मभगिनी चालवत असलेले ओतेल-द्यू हे रुग्णालय होते, पण त्याची क्षमता अपुरी होती. शहरातल्या काही स्त्रियांनी मदतमंडळ काढून या लोकांसाठी अन्न आणि निवाऱ्याची सोय सुरू केली. पाठोपाठ काही खाटांची आश्रयस्थाने आली. पण गरज त्याहून फार मोठी होती.

१८१९ च्या सुरुवातीला मोल्सनने विधानसभेत मॉन्ट्रियलसाठी सार्वजनिक रुग्णालयाची मागणी करणारा अर्ज मांडला. ओ'सलिव्हनने विरोध केला. ओतेल-द्यूच वाढवावे, वेगळे रुग्णालय नको, असा त्याचा मुद्दा होता. तो मुद्दा विचार करण्यासारखा होता, पण बोलण्याच्या भरात डॉक्टरांच्या हेतूंवर शंका घेतली गेली. तिथून विंडमिल पॉइंटपर्यंतची गोष्ट आपण सुरुवातीला पाहिली. सभागृहात मागणी अडली. गोळ्यांनी प्रश्न सुटला नाही.

सुटला तो वर्गणीने. १ मे १८१९ रोजी, म्हणजे द्वंद्वयुद्धानंतर तीन आठवड्यांच्या आत, क्रेग रस्त्यावरच्या एका घरात २४ खाटांचे रुग्णालय सुरू झाले. नागरिकांनी पैसे जमवले, जमीन घेतली, ६ जून १८२१ रोजी नव्या इमारतीची कोनशिला बसवली गेली, आणि १ मे १८२२ रोजी ७२ खाटांचे मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटल रुग्णांसाठी उघडले. देणगीदारांत मोल्सन पितापुत्र होते. अर्ज फेटाळला गेला म्हणून मोल्सन गप्प बसला नाही, आणि रुग्णालयाला आपले नाव द्या असा हट्टही त्याने धरला नाही.

या रुग्णालयाने पुढे जे केले ते कोणाच्या कल्पनेतही नव्हते. तिथल्या चार डॉक्टरांनी, त्यांत तोच विल्यम कॉल्डवेल होता, १८२३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची संस्था काढली. विद्यार्थी खाटेजवळ उभे राहून, रुग्णाला तपासत शिकू लागले. दरम्यान, फरचा व्यापारी जेम्स मॅकगिल याने मृत्युपत्रात कॉलेजसाठी जमीन आणि १०,००० पौंड ठेवले होते. १८२१ मध्ये कॉलेजला सनद मिळाली, पण शिकवणे काही सुरू होईना. १८२९ मध्ये रुग्णालयातली ही वैद्यकीय संस्था मॅकगिलमध्ये सामील झाली आणि विद्यापीठाला त्याची पहिली चालती विद्याशाखा मिळाली. आधुनिक वैद्यकशिक्षणाचा एक आधारस्तंभ मानला जाणारा विल्यम ऑस्लर १८७२ मध्ये इथूनच पदवीधर झाला आणि याच रुग्णालयात शिकला, शिकवूही लागला. द्वंद्वयुद्धातला दुसरा गडी ओ'सलिव्हन पुढे मॉन्ट्रियलचा मुख्य न्यायाधीश झाला. १८३९ मध्ये तो वारला, तेव्हा ती गोळी त्याच्या मणक्याजवळ तशीच होती.

हॉटेल, रंगमंच आणि बँक

मोल्सनच्या बोटीतून उतरणारा प्रवासी राहणार कुठे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्याने १८१५ च्या सुमारास सर जॉन जॉन्सन यांचा वाडा विकत घेऊन 'मॅन्शन हाउस' हे हॉटेल उभे केले. हॉटेलला नदीकडून स्वतःचा धक्का होता. शहराचे ग्रंथालयही काही काळ याच इमारतीत होते. १८२१ मध्ये हॉटेल जळाले. मोल्सनने पुन्हा बांधले. ते नवे हॉटेलही १८३३ मध्ये आगीत गेले. लाकडी शहरांच्या काळात आग हा मालमत्तेचा कायमचा शत्रू होता.

हॉटेलशेजारी १८२५ मध्ये थिएटर रॉयल उघडले. त्याच्या उभारणीतही मोल्सनच पुढे होता. सुमारे हजार प्रेक्षक बसतील असे हे नाट्यगृह. इंग्लंडचा विख्यात शेक्सपिअर-नट एडमंड कीन याने १८२६ मध्ये इथे प्रयोग केले. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स मॉन्ट्रियलला आला तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांच्या हौशी नाटकमंडळीबरोबर याच रंगमंचावर उभा राहिला. नंतर हे नाट्यगृह पाडून त्या जागी बोनसेकूर बाजाराची घुमटाची इमारत उभी राहिली. जुन्या मॉन्ट्रियलमध्ये ती आजही पाहायला मिळते.

१८२६ ते १८३० या काळात मोल्सन बँक ऑफ मॉन्ट्रियलचा अध्यक्ष होता. १८२५ मध्ये इंग्लंडमध्ये आर्थिक पडझड झाली आणि तिचे हादरे मॉन्ट्रियलपर्यंत आले. फरच्या व्यापारातली जुनी नामांकित पेढी बुडाली, बँकेचे पैसे अडकले. अशा वेळी बँकेच्या अध्यक्षपदी फरचा व्यापारी न बसता बिअरचा कारखानदार बसला, यातच शहराच्या बदलत्या काळाची खूण आहे. कातड्यांचे युग संपत आले होते. कारखाने, वाफ आणि बँका यांचे युग सुरू झाले होते.

नदीने आणलेला मृत्यू

१८३२ मध्ये मोल्सनची नेमणूक प्रांताच्या वरच्या सभागृहात, लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये झाली. मानाचे हे शिखर होते. त्याच वर्षी शहरावर मोठे संकट आले. गंगेच्या खोऱ्यातून निघून आशिया आणि युरोप पार करत आलेला कॉलरा जहाजांतून क्यूबेकला पोहोचला. तिथून तो काही दिवसांतच मॉन्ट्रियलमध्ये शिरला. त्याला इतक्या लवकर आणले ते स्थलांतरितांनी गच्च भरलेल्या आगबोटींनी. शिडाच्या जहाजांच्या काळात आठवडे लागले असते, ते अंतर वाफेने दीड-दोन दिवसांवर आणले होते.

हे लिहिताना मन जड होते. नदीला वेग देण्याचे श्रेय ज्या माणसाला आपण देतो, त्या वेगाची ही दुसरी बाजूही त्याच पानावर लिहिली पाहिजे. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. इंग्लंडमध्ये जॉन स्नोने ते दाखवून दिले त्याला अजून वीसेक वर्षे होती. त्या उन्हाळ्यात मॉन्ट्रियलमध्ये घरोघरी प्रेते निघाली. दहा वर्षांपूर्वी वर्गणीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाच्या खाटा कमी पडल्या, पण त्या नसत्या तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

शेवटचा गुंतवणूकदार

वय सत्तरीला आले तरी मोल्सनची नजर पुढेच होती. मॉन्ट्रियलसमोर, नदीच्या दक्षिण तीरावरचे ला प्रेरी आणि रिशल्यू नदीवरचे सेंट जॉन या दोन गावांमध्ये लोहमार्ग टाकण्याची योजना पुढे आली. अंतर सुमारे २३ किलोमीटर. तिथून लेक शॅम्प्लेन आणि हडसनच्या मार्गाने न्यूयॉर्क गाठता येणार होते. 'शॅम्प्लेन अँड सेंट लॉरेन्स' ही कॅनडाची पहिली रेल्वे. बोटींचा मालक असूनही मोल्सन तिच्या सर्वांत मोठ्या भागधारकांत होता. आपल्याच जुन्या धंद्याला स्पर्धा करणाऱ्या साधनात पैसा घालायला मोठे धाडस लागते.

ती गाडी धावताना पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. ११ जानेवारी १८३६ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, बूशरव्हिलजवळच्या त्याच्या बेटावर त्याचा मृत्यू झाला. २१ जुलै १८३६ रोजी 'डॉर्चेस्टर' नावाचे इंजिन पहिली गाडी घेऊन निघाले. रॉबर्ट स्टीफन्सनच्या इंग्लंडमधल्या कारखान्यातून आलेले हे इंजिन लाकडी रुळांवर ठोकलेल्या लोखंडी पट्ट्यांवरून धावले.

मृत्युपत्रात त्याने कारखाना मुलांपैकी कोणाला न देता टॉमसचा मुलगा जॉन हेन्री रॉबिन्सन मोल्सन या नऊ वर्षांच्या नातवाच्या नावे केला. त्यावरून मुलांमध्ये बरीच तणातणी झाली. तरी आजोबाचा निर्णय फळला. पुढच्या पिढ्यांनी कारखाना राखला आणि देण्याची सवयही राखली. तिन्ही भावांनी मिळून मॅकगिल विद्यापीठात इंग्रजीचे अध्यासन दिले, विल्यमने विद्यापीठाला सभागृह बांधून दिले, आणि नातवानेही मॅकगिलच्या वाढीला सढळ हाताने मदत केली.

हिशेब

मोल्सनच्या आयुष्याकडे पाहताना दोन चुका टाळायला हव्यात. एक, त्याला संत करू नये. त्याचा पैसा मद्यातून आला, मद्याने उद्ध्वस्त झालेली घरे त्या शहरातही असणारच. त्याने मक्तेदारी मागितली, युद्धातून कमाई केली, आणि राजकारणात तो बहुसंख्य फ्रेंच शेतकऱ्यांच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला. दुसरी चूक म्हणजे, त्याचे दान हा केवळ मोठेपणाचा देखावा होता असे समजणे. ज्या नजरेने त्याने सातूची उणीव ओळखली, त्याच नजरेने त्याने खाटांची उणीव ओळखली. फरक एवढाच की सातूत नफा होता आणि खाटांत नव्हता, तरी त्याने दोन्ही गोष्टींचा पाठपुरावा केला.

त्याच्या दानात सर्वांत मोलाचे मला वाटते ते हे, की रुग्णालय त्याच्या एकट्याचे राहिले नाही. ते शेकडो नागरिकांच्या वर्गणीचे झाले, डॉक्टरांचे झाले, विद्यार्थ्यांचे झाले. एकाच धनिकाच्या मर्जीवर चालणारी संस्था त्या धनिकाबरोबर संपते. अनेकांच्या खांद्यांवर उभी केलेली संस्था त्याच्यानंतरही चालते. समाजाला काही द्यायची इच्छा असणाऱ्या प्रत्येकाने, हातात पैसा थोडा असो वा फार, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सेंट मेरी प्रवाहाच्या काठावर १७८६ मध्ये सुरू झालेले बिअरचे उत्पादन सव्वादोनशेहून अधिक वर्षे तिथेच चालले. २०२१ मध्ये ते नदीपलीकडच्या लाँगेलला हलवले गेले. थिएटर रॉयल गेले, मॅन्शन हाउस गेले, 'अ‍ॅकोमोडेशन' तर त्याच्या डोळ्यांदेखत मोडीत निघाली. पण २४ खाटांवर सुरू झालेले मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटल आज माउंट रॉयलच्या उतारावर उभे आहे, आणि तिथे रुग्णांवर उपचार चालू आहेत.